येळवशीचा जंजिरा

माझ्या मालकीचं म्हणावं असं जगात फार थोडं आहे. कंधारच्या बसस्टँडसमोरचं बी-बियाण्यांचं दुकान भाड्याच्या गाळ्यात आहे, मोटारसायकल मेहुण्यानं वापरून सोडलेली आहे, आणि घरातला टीव्ही कुणाचा हे रिमोट कुणाच्या हातात असतो त्यावरून कळतं. पण वर्षातली एक दुपार माझी होती. तिचा सातबारा काढला असता तर माझंच नाव निघालं असतं. ती दुपार म्हणजे येळवशीची, वेळ अमावस्येची.

सासुरवाडी अहमदपूरजवळ. तिकडं ऐन थंडीतल्या या अमावस्येला गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी माणसं शेतात. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते. कडब्याची कोप उभी करायची, कोपीत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पाच पांडव मांडायचे, पूजा झाली की भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. सापडेल ती शेंग आणि सापडेल तो पाला एकत्र शिजवलेला तो प्रकार आहे, आणि तो खाल्ल्यावर माणूस बसल्या जागी आडवा होतो. असे वीस-पंचवीस आडवे लोक लिंबाच्या सावलीत पडलेले असताना मामा, म्हणजे माझे सासरे, पोत्यावर एक कूस बदलून म्हणायचे, "हं जावई, होऊ द्या किल्ला."

आणि मी किल्ला सांगायचो. लग्न झाल्यापासून दर वर्षी. कंधारचा किल्ला.

आता कंधारच्या किल्ल्याची एक अडचण आहे, ती मी सासुरवाडीत कधी उघड होऊ दिली नव्हती. किल्ला देखणा आहे, दुहेरी तटाचा आहे, भोवतीच्या खंदकात पाणी असायचं, सगळं खरं. पण तो घेणाऱ्यांनी घेतलेला आहे. एकदा नव्हे, बऱ्याचदा. कधी लढून, कधी फितुरीनं, कधी नुसतीच सही करून. या सुलतानाकडून त्या सुलतानाकडं, तिथून मोगलांकडं, पुढं निजामाकडं. आमचा किल्ला ज्यानं नेटानं मागितला त्याला मिळाला. मी ते असं सांगायचो की किल्ला पडला तरी ऐकणाऱ्याला वाटावं, पडला बिचारा घेणाराच. तोफेचा आवाज तोंडानं काढायचो. हत्ती दारावर धडकायचा तेव्हा आंबिलीच्या माठावर बुक्की मारायचो. माझी लेक लहान होती तेव्हा त्या बुक्कीला दर वर्षी दचकायची, आणि दचकून माझ्याकडंच पळत यायची.

असं बरं चाललं होतं. मग साडू आला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तसा तो आधीपासून होताच, पण लांब होता. तो जिल्हा परिषदेचा मास्तर. आमच्या मराठवाड्यातली निम्मी मास्तरकी कोकणात नेमणुकीला जाते आणि उरलेलं आयुष्य बदलीच्या अर्जात काढते, तसा तो मुरूडकडं समुद्राकाठच्या एका शाळेवर अडकला होता. येळवशीला त्याला रजा मिळायची नाही. मला त्याची फार दया यायची. "काय करावं बिचाऱ्यानं, भज्जीलासुद्धा पारखा झाला," असं मी दर वर्षी म्हणायचो आणि त्याच्या वाटणीचे दोन उंडे खायचो.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्याला रजा मिळाली.

आला तो कोकम, काजू आणि पोरांसाठी पिशवीभर शिंपले घेऊन. मी कंधारहून येताना दर वर्षी काय आणतो? पेढे. अहमदपुरात मिळतात तसलेच. जेवणं झाली. मामांनी कूस बदलली. "हं जावई—" मी घसा खाकरला, माठ जवळ ओढला. तेवढ्यात माझी लेक, सख्खी, लातूरला जिच्या क्लासची फी भरता भरता मी वाकलो ती, म्हणाली, "आजोबा, यंदा काकांना सांगू द्या ना. ते रोज समुद्रातला किल्ला बघतात."

"समुद्रात किल्ला?" मामा उठून बसले. कंधारसाठी ते कधी उठून बसले नव्हते.

साडूनं जंजिरा सांगितला. सांगितला कसला, नुसता बोलला. हातवारे नाहीत, तोफ नाही, काही नाही. माझी पद्धत अशी की मी ओरडतो आणि लोक मागं सरकतात. त्याची पद्धत अशी की तो आवाज खाली आणतो आणि लोक पुढं सरकतात. होडीतून जाताना किल्ल्याचा दरवाजा दिसतच नाही म्हणाला. नुसती भिंत, थेट पाण्यातून वर आलेली. होडी भिंतीवर आदळणार असं वाटतं आणि अगदी जवळ गेल्यावर दार उघडं दिसतं. तट असा की समुद्रानं इतकी वर्षं धडका मारल्या तरी जागचा हललेला नाही. खाडीच्या तोंडावर किल्ला, म्हणजे जहाजं कुणाची चालणार आणि कुणाची नाही ते किल्ल्यातला माणूस ठरवणार. म्हणून सगळ्यांना तो पाहिजे होता, आणि लढून तो कुणालाच घेता आला नाही.

"कुणालाच न्हाई?" मेहुण्यानं विचारलं. आणि विचारताना माझ्याकडं बघितलं.

"पण मग पितेत काय?" मामांचा प्रश्न. आमच्या भागात वेढ्याची गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न हाच येतो. "चारी बाजूंनी खारं पाणी. माणसं पितेत काय?"

"आत गोड्या पाण्याचे तलाव हायेत, मामा. मधोमध."

"समुद्राच्या मधी? गोडं?"

"गोडं."

मामांनी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, आता सगळं रान हलणार. लातुराकडच्या माणसाला तोफ दाखवा, हत्ती दाखवा, तो बघेल. पण समुद्राच्या मध्ये गोडं पाणी! त्या दुपारी कंधारचं नाव कुणी काढलं नाही. माठ माझ्याजवळ तसाच राहिला. शेवटी मी त्यातली आंबील प्यायलो.

परतताना मी बायकोला म्हणालो, "बोलतो बरा. जरा हळू बोलतो एवढंच."

"तुम्ही जळायलाव," ती म्हणाली.

"मी कामून जळू? बिचारा चार-सहा वर्षांतून एकदा येतो."

हाच माझा आधार होता, आणि पावसाळ्यात तो गेला. साडूची बदली झाली. देगलूर तालुक्यात. म्हणजे आता दर येळवशीला हजर. बायकोनं आनंदानं गल्लीत पेढे वाटले. मलाही एक दिला. तो मी बराच वेळ तोंडात धरून होतो.

तेव्हाच ठरवलं. पुढच्या येळवशीला जंजिरा मी सांगणार. साडूनं नुसता किल्ला सांगितला होता. पाणी, दार, भिंत. लढाई सांगितलीच नव्हती. लढाई हा माझा प्रांत आहे. आणि एकदा मी जंजिरा सांगून टाकला की त्याच्याकडं उरलं काय? शिंपले.

मी अभ्यासाला लागलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईल, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक असलं तरी मोबाईल. एक माणूस हरभऱ्याचं बी मागत उभा होता आणि मी लाटा बघत होतो. तो म्हणाला, "भाऊ, पाऊस बघायलाव का?" मी म्हणालो, "आरमार." तो पुढच्या दुकानात गेला.

पण माल भरपूर मिळाला. थोरल्या महाराजांनी जंजिऱ्यासमोरच्या खडकावर दुसरा किल्ला बांधायला घेतला, तो मिळाला. तटाला शिड्या लावणारा कोळ्यांचा म्होरक्या मिळाला. धाकट्या महाराजांनी समुद्रात दगड टाकून थेट किल्ल्यापर्यंत वाट घालायला घेतली, ते मिळालं. फक्त एक गोष्ट माझ्या मनात बसेना. समुद्रात दगड टाकायचे कसे? त्याचं उत्तर मला एका व्हिडिओत सापडलं. कोकणातल्याच एका पाणकिल्ल्यावर लोक चक्क चालत निघाले होते. गुडघाभर पाणी, पँटी वर खोचलेल्या, खाली वाळू नि खडक उघडे. बघितल्याबरोबर मला उलगडा झाला. उन्हाळा! मी काय धरणं बघितली नाहीत? वैशाखात लिंबोटीचं पाणी कुठं जातं ते काय मला ठाऊक नाही? पाणी उतरलं म्हणजे उन्हाळा, यात विचारण्यासारखं काय आहे? भूगोलात कधीतरी भरती-ओहोटी शिकलो होतो, पण ती भूगोलात, आणि परीक्षा झाल्यावर तिथंच ठेवून आलो होतो.

येळवस आली. साडू आला. देगलूरहून खारीक-खोबरं घेऊन आला, म्हणजे आणण्याच्या बाबतीत तरी आता आम्ही बरोबरीला आलो. जेवताना माझं लक्ष मामांकडं होतं. दोन जावई समोर बसलेले. मामा "हं जावई" म्हणतील तेव्हा बघतील कुणाकडं? साडू शांतपणे चौथा उंडा खात होता. मला दुसरासुद्धा जात नव्हता.

मामा पोत्यावर टेकले. तंबाखू मळली. कूस बदलली. "हं जाव—"

"जंजिरा!" मी ओरडलो.

लेकीनं कपाळाला हात लावला. साडू मात्र खूश झाला. "वा दादा! सांगा, सांगा." आणि चक्क मांडी घालून माझ्यासमोर बसला, शाळेतल्या पोरासारखा. एवढी उघडी तोंडं बघून मला चेव आला. थोरले महाराज झाले, समोरचा खडक झाला, धाकटे महाराज आले. मी माठावर बुक्की मारली.

"किल्ला घ्यायचा तर पाण्यातून वाट पाहिजे! महाराज थांबले. पौष गेला, माघ गेला, शिमगा झाला. आणि वैशाख लागला! ऊन असं की दगड तडकावेत. आणि समुद्र—" इथं मी साडूकडून शिकलेला हळू आवाज लावला, "समुद्र आटला."

मेहुण्यानं मान डोलावली. "वैशाखात कुठलं पाणी ऱ्हातंय."

"तळ उघडा पडला," मी म्हणालो. "चिखलाला भेगा पडल्या."

"गाळ उपसला असंल की मग," मेहुणा म्हणाला. तो शेती करतो, त्याला राहवलं नाही. "दोनशे ट्रॅक्टर तरी निघाला असंल."

"समुद्राचा गाळ कशाला रानात घालतूस, येड्या," मामा म्हणाले. "खारा ऱ्हातोय त्यो. पुढं सांगा, जावई."

मी पुढं सांगणार तेवढ्यात मला लेकीचा चेहरा दिसला. दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशीसुद्धा ती इतकी घाबरलेली नव्हती. ती काकांकडं बघत होती. मीही बघितलं. साडू खाली मान घालून गवताची काडी मोडत होता. आणि मला पायापासून वर असं कळत गेलं की काहीतरी चुकलंय, आणि ते किती चुकलंय हे इथं फक्त दोघांना माहीत आहे.

मामांनीच विचारलं. "काय हो धाकले जावई? तुम्ही तिथं राह्यलेलं. उतरतंय का पाणी?"

आता सांगतो, मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं. हसलो असतो, आणि पुढच्या दहा येळवशींना हसत राहिलो असतो. साडू काडी टाकून म्हणाला, "उतरतंय की, मामा. दादा सांगायलेत ते बरोबर हाय. पाणी उतरतंय."

"वैशाखात?"

"वैशाखात बी उतरतंय."

इथं तो थांबला असता तर माझा जंजिरा सर झाला असता. पण मास्तर माणूस. खोटं बोलवत नाही, आणि खरं पोटात राहत नाही. "म्हणजे तसं रोजच उतरतंय," तो पुटपुटला. "दिवसातनं दोन डाव. आन् परत चढतंय."

"रोज?" मामा उठून बसले. पुन्हा! "कुठं जातंय पाणी रोज?"

"चंद्रामुळं होतंय, मामा. चंद्र ओढतो."

"चांद पाणी वढतोय?"

"हाव."

"मग आमच्या मांजऱ्याच्या धरणाचं कामून वढंना?"

"तिथं वढाया पाणी पायजे की," मेहुणा म्हणाला.

"आजोबा, खरंय ते," लेक मध्ये पडली. "पुस्तकात आहे. भरती-ओहोटी."

"पुस्तकात पाऊसबी वेळेवर पडतोय," मामा म्हणाले. पण त्यांची नजर आता जागेवर नव्हती. ते मनात काहीतरी मांडत होते. आयुष्यभर ज्यानं कॅनॉलच्या पाळीची वाट बघितली त्याला पाणी येणं आणि जाणं लवकर समजतं. "म्हंजी वाट घालायला गावणार निम्माच दिवस. उतरलं की दगडं टाकायची. चढलं की वाहून गेली."

"बरोबर, मामा," साडू म्हणाला.

"आणि वरून तोफा चालू!" मी घाईनं घुसलो. माझी लढाई माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या पाण्यात बुडत चालली होती. "दगड टाकणाऱ्यांवर तटावरून मारा! तरी वाट पुढं चाललेली. तेवढ्यात तिकडून मोगलांची फौज चालून आली आणि महाराजांना माघारी फिरावं लागलं. वाट अर्धीच राहिली."

"आरं आरं," मामा म्हणाले. अर्ध्या राहिलेल्या कामाचं त्यांना फार लागतं.

"आता शिड्यांचं ऐका," मी कुणाला बोलू न देता म्हणालो. "कोळ्यांच्या म्होरक्यानं पैजेचा विडा उचलला. अंधारात होड्या नेल्या, तटाला शिड्या लावल्या. मागून थोरल्या महाराजांची फौज यायची होती. शिड्या धरून माणसं उभी. वर शत्रू, खाली समुद्र. फौज येईना. वाट बघितली, बघितली. पहाट व्हायला आली. शेवटी त्यानं आपल्या हातानं शिड्या काढल्या आणि माघारी आला."

हे मी न ओरडता सांगितलं होतं. माठ विसरलो होतो. कुणी हललं नाही. माझी लेकसुद्धा माझ्याकडं बघत होती, कपाळाचा हात खाली आला होता. मला वाटलं, आलं परत. आलं माझं माझ्याकडं.

तेव्हा साडू म्हणाला, अगदी स्वतःशीच, "पाणी उतरत असलं तर होडी कातळावर बसती. चढत असलं तर लाट तिला भिंतीवर आपटती. तेवढा वेळ त्यांनी होड्या कशा धरल्या असतील देव जाणे. मी एकदा दिवसाउजेडी त्या दारात उतरलो, तर माझे पाय लटपटले."

एवढंच. आणि सगळ्यांनी त्याच्या पायांकडं बघितलं. मीसुद्धा बघितलं. त्याच्या एका वाक्यात माझी अख्खी फौज ओली झाली. मी शिड्या लावल्या होत्या, पण त्या कोरड्या जमिनीवर. मी समुद्र बघितलेलाच नाही. पन्नाशी आली तरी नाही. ते त्या क्षणी मला इतकं टोचलं की मी म्हणालो, "आता तुम्हीच सांगा मग सगळं. आम्ही काय, खंदकवाले."

"न्हाई हो दादा, तुम्हीच—"

"नाही, तुम्हीच."

"ऐका!" मामांनी हात वर केला. ही मुद्रा सगळ्या भावकीला माहीत होती. चुलत्यांची शेतं त्यांनी अशीच हात वर करून तोडून दिली होती. "दोन जावई हायेत. कटकट नगं. आज वाटणी करून टाकू. मोठ्या जावयाकडं किल्ला. भिंती, तोफा, शिड्या, फौज, सगळं. धाकल्या जावयाकडं समुद्र. पाणी, होड्या, लाटा, चांद. एकानं दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं न्हाई. मंजूर?"

"आन् आतलं गोडं पाणी कुणाकडं?" मेहुण्यानं विचारलं.

वाटणीत भांडण विहिरीवरूनच होतं, हे मामांना सांगायला नको होतं. त्यांनी थोडा विचार केला. "हीर सामाईक. एक साल याची पाळी, एक साल त्याची."

"मला मंजूर," साडू लगेच म्हणाला. घासाघीस नाही, काही नाही. वर हसून मला म्हणाला, "दादा, यंदा विहिरीची पाळी तुम्हीच घ्या." तो टोमणा असता तर मी सुखी झालो असतो. मी त्याच्या तोंडावर टोमणा खूप शोधला. नव्हता.

मीही मंजूर म्हणालो. सगळ्यांसमोर दुसरं काय म्हणणार?

परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर बायको मागून खुशीत बोलत होती. "मोठ्या जावयाचा मान राखला बघा बाबांनी. किल्ला तुम्हाला दिला."

"वाटणी सारखी झालेली नाही," मी म्हणालो.

"आता काय झालं?"

"समुद्र केवढा असतो, ठाऊक आहे का तुला?"

"तुम्हाला तरी कुठं ठाऊक हाय?"

मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. तिला कसं समजावून सांगणार? किल्ला माझ्या वाट्याला आला खरा, पण त्याच्या चारी बाजूंनी साडू आहे.